काल चालत होतं ना?

मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला आधी आलेले लोक दोन पत्ते आवर्जून देतात. कोथिंबिरीची जुडी स्वस्तात कुठे मिळते हा पहिला, आणि कॉम्प्युटर अडला तर कुणाला फोन करायचा हा दुसरा. कोथिंबिरीचं दुकान सबर्बागणिक बदलतं. दुसऱ्या पत्त्यावर मात्र टार्नीटला जा की क्लेटनला जा, एकाच वाणाचा माणूस भेटतो. आम्ही त्याला व्हर्जनराव म्हणतो. असे व्हर्जनराव सिडनीच्या वेस्टमीडला आहेत, ब्रिस्बेनला आहेत, पर्थला तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही असं ऐकून आहे. मी लिहितोय ते आमच्या ग्लेन वेव्हर्लीच्या व्हर्जनरावांबद्दल.

व्हर्जनराव साठीला टेकलेत. १९९९ साली वायटूकेच्या धांदलीत सांगलीहून मुंबईला आणि मुंबईहून थेट इथे आले. जुन्या प्रोग्रामांत साल दोनच आकड्यांत लिहायची पद्धत होती. २००० उजाडलं की मशीनला ते १९०० वाटेल, या धास्तीने जगभरच्या बँकांना कोबोल येणारी माणसं हवी झाली. "कुणीतरी साठच्या दशकात दोन आकडे वाचवले, म्हणून मला व्हिसा मिळाला," हे ते अजूनही प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. तेव्हापासून त्यांची श्रद्धा जुन्यावर आहे. नवीन आलं की ते आधी संशयाने बघतात, मग वाचतात, मग पुन्हा संशयाने बघतात.

अंगात बारा महिने बिनबाह्यांचं फुगीर जाकीट. त्याच्या एका खिशात पेन ड्राइव्ह, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. गाडी अल्टोनाच्या कारखान्यात तयार झालेली कॅमरी. टोयोटाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तो कारखाना बंद केला, ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणंच थांबवलं. व्हर्जनरावांना गाडी बदला म्हणून सांगणाऱ्यांची त्या वर्षी रांग लागली होती. "कंपनीने हात झटकले म्हणून वस्तू मरत नाही," एवढंच उत्तर सगळ्यांना मिळालं. गाडीच्या डिकीत पुण्याच्या एका साड्यांच्या दुकानाची पिशवी असते. तिच्यात पिवळा पडलेला वायरवाला कीबोर्ड, ओरखडे उठलेल्या सीड्या, नेटवर्कची निळी वायर, आणि भारतातल्या गोल पिना इथल्या तिरप्या भोकांत बसवणारे झाडून सगळे अडॅप्टर. त्या कीबोर्डवर लक्ष ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

दुखणं कुठलंही असो, व्हर्जनराव दारात बूट काढता काढता एकच प्रश्न विचारतात.

"काल चालत होतं ना?"

"हो, काल रात्रीपर्यंत अगदी व्यवस्थित."

"मग काल आणि आजमध्ये काय बदललं?"

"काहीच नाही हो!"

इथे ते पहिल्यांदा हसतात. 'काहीच नाही' हे उत्तर त्यांनी इतक्या घरांत ऐकलंय की आता ते त्याची गणना लक्षणांत करतात. मग खुर्ची ओढून बसतात, अपडेटचा इतिहास उघडतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. पहाटे तीन वाजता, घर झोपलेलं असताना, मशीनने स्वतःला अपडेट करून घेतलेलं असतं. किंवा चिरंजिवांनी गेमसाठी काहीतरी टाकलेलं असतं. किंवा गृहस्थांनी 'फक्त थोडी साफसफाई' केलेली असते, आणि ती करताना ज्याचं नाव कळलं नाही ते सगळं पुसलेलं असतं. एकदा बदल सापडला की व्हर्जनरावांचा चेहरा उजळतो. दुरुस्ती व्हायची असते अजून, पण त्यांच्या दृष्टीने मुख्य काम झालेलं असतं.

हा प्रश्न ते कॉम्प्युटरपुरता ठेवत नाहीत, हीच अडचण. आमच्याकडे एकदा आमटीला नेहमीची चव आली नव्हती. बाकीचे पाहुणे सभ्यपणे भुरके मारत होते. हे म्हणाले, "वहिनी, गेल्या वेळी जमली होती ना? मग चिंच बदलली का?" चिंच बदलली होती. थायलंडची होती. आमच्या घरात त्यावर जे शब्द झाले त्यांची कुठे नोंद नाही. दुसऱ्या एका घरी नवरा-बायकोचा अबोला चालला होता. व्हर्जनरावांनी प्रिंटर जोडता जोडता सहज विचारलं, "परवा बोलत होतात ना? मग काय बदललं?" दोघंही एकदम म्हणाले, "काहीच नाही." व्हर्जनराव सवयीने हसले. त्या हसण्याचा दोघांना इतका राग आला की ते त्यांच्याविरुद्ध एक झाले आणि अबोला संपला. प्रिंटर मात्र अर्धवट राहिला.

त्यांचा दुसरा आग्रह म्हणजे एरर पूर्ण वाचणे. आपण सगळे स्क्रीनवर चौकोन आला की दिसेल ते बटण दाबून तो घालवतो. व्हर्जनरावांना हे सहन होत नाही. "अहो, ते सांगत होतं कुठे दुखतंय, आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत!" त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे, सांगलीहून आणलेली. तिच्यात त्यांनी आयुष्यात भेटलेल्या एरर तारीखवार उतरवून ठेवल्या आहेत. काही तर पाठ आहेत. 'व्हीईआरआर व्हीएमएक्स नो व्हीएमएक्स' हे ते अशा ठेक्यात म्हणतात की पुढे टाळ वाजतील असं वाटतं. अर्थ इतकाच की, संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायला प्रोसेसरची जी सोय लागते ती या मशीनमध्ये नाही किंवा कुणीतरी बंद करून ठेवली आहे.

आता संगणकाच्या पोटात दुसरा संगणक कशासाठी, हे विचारायची चूक करू नये. करायचीच असेल तर आधी चहा पिऊन घ्यावा. व्हर्जनराव १९७२ पासून सुरुवात करतात. आयबीएमने त्या साली व्हीएम/३७० आणलं, आणि एकाच अवाढव्य मेनफ्रेमवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुरता स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखं वाटू लागलं. मग १९९९ मध्ये व्हीएमवेअरने तीच किमया टेबलावरच्या पीसीत आणली. मग २००७ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स बाहेर काढलं, पुढच्या वर्षी ती कंपनी सनने घेतली, आणि २०१० मध्ये खुद्द सनलाच ओरॅकलने घेतलं. "दर वेळी मालक बदलला की मी एक चालती कॉपी बाजूला काढून ठेवली," हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो. इथपर्यंत चहा निवलेला असतो आणि मूळ प्रश्न तसाच असतो.

शेवटी मला त्याचं उत्तर व्हर्जनरावांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता. "आपल्याकडे मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट असतो ना, तसं. आजी मागे राहतात. दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, मीटर आपलाच. आजींना वाटतं अजून २००१ सालच चाललंय, आणि आपण काही बोलायचं नाही. बोललं की त्या घाबरतात आणि सगळं बंद पडतं." व्हर्जनरावांना ही व्याख्या मान्य आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: "आजींना इंटरनेट द्यायचं नाही, हे घाल त्यात." इथे आजी म्हणजे जुनी विंडोज एक्सपी. तिची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कुणी फारसं आलं नाही. त्यामुळे व्हर्जनराव आपल्या एक्सपीला जगाचा वारा लागू देत नाहीत.

कटकट उद्भवते ती मधल्या दारात, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये. पुढचं घर, मागची आजी आणि मधलं दार, या तिघांचं व्हर्जन जुळावं लागतं. एकाने उडी मारली की बाकीचे दोघे तक्रार करतात. व्हर्च्युअलबॉक्स नवं घातलं आणि त्याचं एक्स्टेन्शन पॅक जुनंच राहिलं, तर ते पॅक कामाला नकार देतं. आतल्या विंडोजला दिलेले गेस्ट अॅडिशन्स मागे पडले की स्क्रीन टपाल तिकिटाएवढी होते नाहीतर माऊस अडखळतो. नव्या आवृत्तीत बनवलेलं मशीन जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात तर तेही चालत नाही. २०१९ च्या डिसेंबरात व्हर्च्युअलबॉक्सची ६.१ आवृत्ती आली आणि प्रोसेसरची ती खास सोय नसलेल्या मशीनवर चालायचंच तिने सोडून दिलं; त्या आठवड्यात व्हर्जनराव कुणाशी धड बोलत नव्हते. पुतण्याने हौसेने एम-वनचा मॅक घेतला तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं, "इंटेलसाठी लिहिलेली एक्सपी याच्यात अशी सरळ चालायची नाही. तुझा प्रोसेसरच वेगळ्या घराण्यातला." पुतण्याला एक्सपी चालवायची नव्हती. त्याने अजून एक्सपी पाहिलीही नव्हती. तरी तो खजील झाला.

कधी तर काहीच बिघडलेलं नसतं आणि तरी जुळत नाही. त्यांच्या सगळ्यात जुन्या एक्सपीतलं घड्याळ दरवर्षी ऑक्टोबरात एक तास मागे दाखवायला लागतं आणि महिनाअखेरीस आपलं आपण बरोबर होतं. आम्हाला वाटलं बॅटरी गेली. कारण निराळं होतं. व्हिक्टोरियात २००८ पासून घड्याळं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे करतात, आणि पूर्वी ती शेवटच्या रविवारी करायचे. त्या एक्सपीला नवा नियम कुणी सांगितलेलाच नाही. "सांगा की मग," मी म्हटलं. "कशाला? तिच्या काळात हेच बरोबर होतं," असं म्हणून व्हर्जनरावांनी विषय संपवला. ऑक्टोबरात त्यांच्याकडे चहाला किती वाजता जायचं, हे म्हणून फोन करून विचारावं लागतं.

मशीनची आहे ती अवस्था जशीच्या तशी गोठवून ठेवायची सोय असते, तिला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं. काहीही करायच्या आधी स्नॅपशॉट, हा व्हर्जनरावांचा नेम. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्कच गेली तर दोन्ही जातात, हेही ते दर वेळी बजावतात. त्यांच्या लॅपटॉपवर ओळीने लावलेल्या स्नॅपशॉटांची नावं मी एकदा वाचली: 'चालतंय'. 'चालतंय नक्की'. 'चालतंय हात लावू नये'. 'हात लावला'. 'का लावला'. 'परत चालतंय'. 'परत चालतंय आता पुरे'. त्याच्याखाली आणखी अकरा होते. डिस्क भरून गेली होती आणि त्यामुळे मशीन चालत नव्हतं.

'चालतंय त्याला हात लावायचा नाही' हे ते जगाला सांगतात. स्वतःला हे लागू नाही. सगळं सुरळीत चाललंय असा आठवडा त्यांना मानवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते गराजमध्ये जातात, धडधाकट मशीनवर काहीतरी नवं चढवतात, आणि अर्ध्या तासाने आतून समाधानाचा सुस्कारा ऐकू येतो. काकू गॅस बारीक करतात. जेवण आता लांबलं.

गराजमध्ये गाडी ठेवायची जागा राहिलेली नाही. १ जुलै २०१९ पासून व्हिक्टोरियात ई-कचरा कचऱ्याच्या डब्यात टाकायला बंदी आली. लोकांनी तो नियमानुसार संकलन केंद्रात न्यावा, ही सरकारची अपेक्षा. आमच्या मंडळींनी तो व्हर्जनरावांकडे नेला. वर्षातून एकदा हार्ड रबिशचे दिवस येतात, लोक नको ते सामान घरापुढच्या हिरवळीच्या पट्ट्यावर मांडतात. त्या दिवसांत व्हर्जनराव संध्याकाळी पायी फिरायला जातात आणि दोन्ही हात भरून येतात. "एक नेऊन टाकायला सांगितलं तर दोन घेऊन येतात," ही काकूंची तक्रार. ती खरीच आहे. पण परवा काकूंच्या माहेरचा जुना व्हिडिओ कुठेच उघडेना, तेव्हा तो उघडणारा प्रोग्राम ज्या मशीनवर होता ते मशीन गेल्या हार्ड रबिशचंच होतं. काकूंनी तो व्हिडिओ गराजमध्ये उभ्याने दोनदा पाहिला आणि आठवडाभर तक्रार केली नाही.

रात्री-अपरात्रीचे फोन ही वेगळीच गंमत. इथल्या उन्हाळ्यात आपलं घड्याळ पुण्याच्या साडेपाच तास पुढे. पुण्यातला भाचा नऊ वाजता जेवून कॉम्प्युटरपुढे बसतो तेव्हा इथे अडीच वाजलेले असतात. एकदा असाच फोन आला. व्हर्जनराव ताडकन उठून बसले. काकूंनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. कर्नल बदलला."

"कुठले कर्नल? कोपऱ्यावरचे?"

कोपऱ्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. काकू पायात चपला घालून दारापर्यंत गेल्यासुद्धा. भाच्याच्या लिनक्सचा गाभा अपडेट झाला होता, त्यामुळे व्हर्च्युअल मशीनसाठी त्या गाभ्यात बसवलेले तुकडे नव्याशी जुळेनात; ते पुन्हा बांधावे लागतात. पहाटे पाचपर्यंत ते बांधले गेले. काकूही झोपल्या नाहीत. चपला काढून त्यांनी पोहे केले.

गावाहून पाहुणे आले की इतर लोक त्यांना ग्रेट ओशन रोडला नेतात. व्हर्जनराव आधी स्पॉट्सवूडला सायन्सवर्क्स संग्रहालयात नेतात. तिथे सीसिरॅक आहे, ऑस्ट्रेलियाचा पहिला संगणक, दोन हजारांवर व्हॉल्व्हांचा. १९४९ मध्ये सिडनीत त्याने पहिला प्रोग्राम चालवला, १९५१ मध्ये लोकांसमोर कर्नल बोगी मार्चची धून वाजवून दाखवली, १९५५ मध्ये ट्रकवर घालून त्याला मेलबर्नला आणलं, आणि १९६४ पर्यंत तो राबला. त्या पिढीतला अख्खा टिकलेला तोच सगळ्यात जुना. पाहुणे कपाटांच्या रांगेसमोर उभे राहून "अरे वा" म्हणतात आणि कॅन्टीन कुठे आहे ते बघतात. व्हर्जनराव मात्र पुढची गोष्ट सांगण्यासाठी थांबलेले असतात: या यंत्राचा कारभार हुबेहूब करून दाखवणारा प्रोग्राम लोकांनी लिहिलाय, तो साध्या पीसीवर चालतो. "म्हणजे हाच आमच्या गराजमध्ये पण आहे," हे सांगताना ते काचेकडे बघत नाहीत, पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे बघतात. काकू म्हणतात, "नशीब, प्रोग्रामच आहे."

या माणसाचा वैताग येतो. पाच मिनिटांच्या कामाला तीन तास लागतात, कारण 'पुसून नवं टाका' हा उपाय ते पराभवात धरतात. "चाललं, पण का चाललं ते कळलं नाही, तर ते उद्या बंद पडेल," म्हणून चालायला लागलेलं मशीन पुन्हा बंद करून बघतात. पैसे घेत नाहीत, म्हणून आपल्याला घाईही करता येत नाही. चहा, चिवडा, पुन्हा चहा. मुलांचा अभ्यास राहतो. तरीही मी त्यांच्यावर रागावू शकत नाही, त्याचं कारण क्लेटनचे एक आजोबा.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. लेक-जावई कामावर जातात, नातवंडं शाळेत. आजोबांकडे पत्रिका मांडायचा एक जुना प्रोग्राम आहे, नव्या विंडोजवर न चालणारा. व्हर्जनरावांनी तो त्यांच्या लॅपटॉपवर एक्सपी बसवून सुरू करून दिला. नेटवर्क तोडलं, स्नॅपशॉट घेतला, डेस्कटॉपवर मोठ्या अक्षरांत 'आजोबा इथे दाबा' असं चिन्ह ठेवलं. असं मशीन बिघडायला काही कारणच उरत नाही. पण ते दर दीड-दोन महिन्यांनी बिघडतं. एकदा त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. आजोबांनी दारातच सांगितलं, "आपोआप बंद पडलं बघा." टेबलावर दोन बश्या आधीच मांडलेल्या होत्या, चकल्या काढलेल्या होत्या. व्हर्जनरावांनी सेटिंग उघडलं. एक खूण काढून टाकलेली होती. अशी खूण आपोआप निघत नाही. आत चार पायऱ्या उतरून, हाताने काढावी लागते. मशीनच्या नोंदवहीत तारीख आणि वेळ स्वच्छ होती: त्याच दिवशी सकाळी, फोन यायच्या दहा मिनिटं आधी. मी प्रश्नाची वाट बघत होतो. व्हर्जनरावांनी खूण परत लावली, झाकण अर्धं मिटलं आणि म्हणाले, "अपडेटमुळे झालं असेल." मग तासभर त्यांनी आजोबांकडून स्वतःची साडेसाती ऐकून घेतली. ज्योतिषावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

आता त्या कीबोर्डची गोष्ट. आमच्या मराठी मंडळाने या दिवाळीला रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढायचं ठरवलं. जुन्या अंकांतलं निवडक साहित्य घ्यायचं, तर २००१ चा अंक फक्त एका सीडीवर सापडला. तो पेजमेकरमध्ये जुळवलेला होता, आणि फॉन्ट युनिकोड येण्याआधीच्या वळणाचा. त्या काळी प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. तो मजकूर आजच्या वर्डमध्ये चिकटवला की 'शुभेच्छा'च्या जागी डॉलर, कंस आणि टिंबं उमटतात. म्हणजे एक्सपी हवी, तिच्यात पेजमेकर हवं, तोच फॉन्ट हवा. म्हणजे व्हर्जनराव हवेत.

अध्यक्षांनी आपला नवाकोरा लॅपटॉप पुढे केला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनची मुदत संपली, त्या निमित्ताने घेतलेला. अख्खी कार्यकारिणी जेवणाच्या टेबलाभोवती जमली. एक्सपी सुरू झाली, पण कोपऱ्यात हिरवं कासव आलं. विंडोजची स्वतःची हायपर-व्ही यंत्रणा आधीच प्रोसेसरची सोय अडवून बसली असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागतं, आणि तेव्हा ते प्रामाणिकपणे कासवाचं चित्र दाखवतं. "काय बदललं?" व्हर्जनरावांनी विचारलं. "काहीच नाही, कालच घेतलाय," अध्यक्ष म्हणाले. व्हर्जनराव हसले. पाऊण तासाने कासव गेलं.

मग माऊस अडकला. गेस्ट अॅडिशन्स नसतील तर एक्सपीच्या खिडकीत क्लिक केलं की माऊस आतच राहतो आणि बाहेर पडायला उजवीकडचं कंट्रोल दाबायचं असतं. २०२४ पासून आलेल्या काही लॅपटॉपांवर त्या जागी कोपायलटचं बटण असतं. हा त्यांपैकीच. अध्यक्षांनी ते दाबलं. कृत्रिम बुद्धिमत्तेने विचारलं, आज मी आपली काय मदत करू? माऊस आतच. तेव्हा व्हर्जनराव शांतपणे उठले, डिकीतून पिशवी आणली, पिवळा कीबोर्ड जोडला आणि उजवं कंट्रोल दाबलं. माऊस बाहेर आला. कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षांत मंडळात एवढ्या मनापासून टाळ्या नाटकालाही पडल्या नव्हत्या.

अंक उघडला. कविता, पाककृती, गणपतीचे फोटो, त्यांत आम्ही सगळे कमालीचे बारीक. शेवटच्या पानावर जमाखर्च होता आणि त्याच्याखाली 'येणे बाकी' अशी यादी. यादीत एकच नाव. गणपतीच्या आराशीसाठी घेतलेली उचल, पन्नास डॉलर, हिशेब दिलेला नाही. नाव विद्यमान अध्यक्षांचं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षांनी घसा खाकरला. "ते स्नॅपशॉटने मागे जाता येतं म्हणालात ना मघाशी?"

"येतं की," व्हर्जनराव म्हणाले. "पण किती मागे जाणार? २००१ लाही बाकीच आहे."

अध्यक्षांनी तिथल्या तिथे पन्नास डॉलर काढून दिले आणि पावती मागितली. पावतीचा नमुना त्याच सीडीवर, त्याच पेजमेकरमध्ये निघाला. नव्या वायफाय प्रिंटरला एक्सपीचा ड्रायव्हर नाही. पीडीएफ करून बाहेर काढा, छापा, असं सगळ्यांनी सुचवून पाहिलं. व्हर्जनरावांनी मान हलवली. "ती पळवाट झाली. छपाई चालली असं नाही म्हणता येणार." ते लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही घेऊन घरी गेले. काल चौकशीला फोन केला तर तो काकूंनी उचलला. "गराजमध्ये आहेत. अर्धी पावती छापून आली. अध्यक्षांचं नाव आलंय, सही आलीय. रक्कम तेवढी यायची राहिलीय."